गोधडी पुरी करण्याचा हिशेब : रोज चार दोरे

(शेतकरी महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गोधडी' हा विषय छापलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. मी कृषिविद्या शिकवते. पेरणीचे अंतर, ओळींची संख्या, आंतरमशागत हे माझे रोजचे काम. गोधडीवर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा समोर बसलेल्या आजींना जास्त आहे, हे मी आधीच कबूल करते. टाका कसा घालावा हे मी शिकवणार नाही. तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी पेटीत किंवा माळ्यावर एक अर्धवट गोधडी गाठोड्यात बांधून पडलेली असेल. ती पुरी का होत नाही आणि ती पुरी करायची तर रोज किती काम धरावे, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळले ती एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती. २०२१ साली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आमच्या विस्तार कार्यक्रमातील एका गावी मी गेले होते. तेथील बचत गटाच्या पाच भगिनींना शहरातून सहा गोधड्यांची मागणी आली होती. मोठ्या आकाराच्या, वर तुकड्यांची जोड, हाताने शिवलेल्या. दिवाळीच्या आत द्यायच्या होत्या. त्यांनी मला विचारले, "मॅडम, होतील का?" मी विचार न करता म्हणाले, "पाच जणी आहात, आठवड्याला एकेक सहज होईल." शिकलेल्या बाईने सांगितले म्हणून त्यांनी आगाऊ रक्कम घेतली. दिवाळीपर्यंत दोन गोधड्या पुऱ्या झाल्या, चार अर्धवट राहिल्या, आणि आगाऊ घेतलेल्या पैशातला बराच भाग परत करावा लागला. सोयाबीनची काढणी त्याच दिवसांत होती, हे मला, शेतीचे शिक्षण घेतलेल्या बाईला, लक्षात यायला हवे होते. त्या मला काही बोलल्या नाहीत. परंतु पुढच्या भेटीत चहा झाला आणि गोधडीचा विषय कोणी काढला नाही, तेव्हा जे समजायचे ते मी समजले.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

एका गोधडीत किती लांब ओळ असते?

आपण रब्बी ज्वारी ४५ सें.मी. अंतरावर पेरतो. एका एकरात सर्व ओळी एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची लांबी सुमारे ९ किलोमीटर भरते. क्षेत्राला ओळींतील अंतराने भागले की ओळींची एकूण लांबी मिळते. गोधडीला हाच नियम जसाच्या तसा लागू पडतो.

आपली मोठी गोधडी साधारण पाच फूट रुंद व सात फूट लांब असते, म्हणजे १५० सें.मी. गुणिले २१० सें.मी. धावदोऱ्याच्या दोन ओळींत एका बोटाचे, म्हणजे दोन सें.मी.चे अंतर ठेवले, तर एकूण सुमारे १६० मीटर लांबीची शिवण पडते. अंतर एक सें.मी. ठेवले तर ती ३०० मीटरच्या वर जाते, तीन सें.मी. ठेवले तर १०५ मीटरवर येते. दर दहा सें.मी.ला नऊ टाके धरले तर दोन सें.मी. अंतराच्या गोधडीत चौदा हजारांवर टाके होतात.

आता वेग. हात बसलेल्या बाईचा वेग चार-पाच थरांच्या गोधडीवर तासाला दोन ते अडीच मीटर पडतो. हा आकडा मी आमच्या भागातील चार-पाच जणींच्या शेजारी घड्याळ घेऊन बसून काढला आहे. तुमचा वेग वेगळा असेल, तो तुम्ही स्वतः मोजावा. अडीच मीटर धरला तरी १६० मीटरना ६४ तास लागतात. वरचे तुकडे हाताने जोडायला आणखी वीस तास. म्हणजे एका गोधडीला ८४ तास झाले, आणि त्यात ठिगळकाम धरलेले नाही. सहा गोधड्यांचे ५०० तासांवर होतात. पाच जणींनी महिनाभर खाडा न करता रोज साडेतीन तास बसायला हवे होते, आणि तेही सोयाबीन काढून, मळून, घरचे पाहून. माझ्या 'सहज होईल' या शब्दांची किंमत एवढी होती.

गोधड्या विकणाऱ्या गटांनी एवढा एक आकडा तरी लक्षात ठेवावा. ८४ तास म्हणजे आठ तासांचे साडेदहा दिवस. तुमच्या गावात खुरपणीची जी मजुरी चालू असेल तिला साडेदहाने गुणा, त्यात कापड-दोऱ्याचा खर्च मिळवा. त्याच्या खाली किंमत सांगितली तर तुम्ही गिऱ्हाइकाला मजुरीतून सूट देत आहात. मग ती द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

बाहेरचे फेरे फसवतात

आमच्या घरीही एक अर्धवट गोधडी होती. माझ्या आईने ती २०१९ च्या उन्हाळ्यात घातली. आजीची दोन लुगडी आतल्या थरांना, वर घरातल्या जुन्या सुती कपड्यांचे १५ सें.मी.चे चौकोन, आणि मधोमध ६० सें.मी. गुणिले १२० सें.मी.चा एक पट. त्या पटावर ठिगळकामाने काढलेले तुळशीवृंदावन आणि चार कोपऱ्यांना चार पाखरे. सगळी गोधडी चौकोनांची केली असती तर १४० लागले असते. पटाने ३२ चौकोनांची जागा घेतली म्हणून १०८ लागले. आईला ही संख्या फार आवडली होती. कडेपासून नऊ फेरे घालून झाले, आणि पुढच्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे हळूहळू परत आले, चालणेही आले, पण उजव्या हाताची बोटे सुई धरण्याइतकी परत आली नाहीत. गोधडी पेटीत गेली. पेटीवरची धूळ पुसताना आई दरवेळी म्हणायची, "नऊच फेरं झालं गं."

मलाही तसेच वाटत होते. पट सोडून २२ फेरे, शिवाय पटाचे काम बाकी, आणि झाले फक्त नऊ. ही आपल्याच्याने होणार नाही म्हणून मी ती पेटी दोन वर्षे उघडली नाही.

हिशेब केला तेव्हा निराळेच दिसले. गोधडीचा पहिला फेरा सर्वात लांब असतो, सात मीटर वीस सें.मी. त्यानंतरचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा सोळा सें.मी.ने आखूड होतो. म्हणजे आईने घातलेले नऊ फेरे हे सगळ्यात लांब नऊ फेरे होते. त्यांची लांबी ५९ मीटर भरली. एकूण १६० मीटरपैकी एक तृतीयांशाहून जास्त काम तिने करून ठेवले होते. मध्यभागापर्यंत फेऱ्यांनीच शिवलेली साधी गोधडी असेल तर ३८ फेरे लागतात. त्यातले पहिले दहा फेरे झाले की शंभरातले चाळीस काम संपते. निम्मे फेरे झाले की शंभरातले अडुसष्ट.

भगिनींनो, बहुतेक गोधड्या पहिल्या दहा फेऱ्यांतच टाकल्या जातात असे मला दिसून आले. कारण साधे आहे. त्या काळात आठवडा-आठवडा सुई चालवूनही फेरे वाढत नाहीत. बाई फेरे मोजते आणि खचते. फेरे मोजू नयेत, मीटर मोजावेत किंवा दोरे मोजावेत. काही भागांत मधून सुरुवात करून बाहेर शिवत येतात. तेथे उलटे फसते. पहिले फेरे भराभर होतात, बाई खूश होते, आणि काठाशी येईपर्यंत एकेक फेरा तीन-तीन दिवस खातो.

दोरा ही आपली पात

खुरपायला गेल्यावर नऊ किलोमीटर ओळ खुरपायची आहे असे कोणी म्हणत नाही. आपण पात धरतो. एक पात लागली की दुसरी. गोधडीलाही पात हवी, आणि ती दोऱ्याची असावी असे मी सुचवते.

दीड मीटर दोरा तोडावा, सुईत ओवून दुहेरी करावा. पाऊण मीटर झाला. गाठी, शेवट आणि थरांतून वर-खाली जाण्यात जाणारा भाग वजा केला तर एका दोऱ्यात सुमारे अर्धा मीटर शिवण होते. यापेक्षा लांब दोरा घेऊ नये. दरवेळी ओवण्याचा त्रास नको म्हणून आपण फार लांब दोरा घेतो, तो पिळतो, गुंततो, कापडातून शंभर वेळा घासून शेवटी तुटतो. चार दोरे म्हणजे दोन मीटर. हात बसल्यावर याला पाऊण ते एक तास लागतो. रोज चार दोरे घातले तर नवी गोधडी ८० बैठकांत शिवून होते. आईच्या गोधडीचे राहिलेले १०१ मीटर म्हणजे ५० बैठका. दोन वर्षे ज्याची भीती घेतली ते काम पन्नास बैठकांचे होते!

दोऱ्याचाही अंदाज यातूनच निघतो. एका गोधडीला ३२० दोरे, म्हणजे ४८० मीटर. सुती आणि एकाच रंगाचा दोरा ५०० मीटर एकदम घेऊन ठेवावा. मध्येच संपला की बाजाराच्या दिवसापर्यंत काम थांबते, आणि थांबलेले काम पेटीत जाते. दोऱ्याला मेण लावून घेतले तर गुंता कमी होतो.

आता कोणी म्हणेल, रोज चार कशाला, रविवारी एकदम वीस घालू. मी हे करून पाहिले आहे. २०२२ च्या मार्चमध्ये मी आईची गोधडी काढली. वहीत रोजची तारीख, दोरे आणि मिनिटे लिहीत होते, शेतावरच्या प्रयोगाची नोंद ठेवतात तशी. एका रविवारी साडेतीन तास बसून मी अकरा दोरे घातले. शेवटच्या चार दोऱ्यांचे टाके सव्वापट लांब पडले होते, तर्जनीला फोड आला आणि सोमवार, मंगळवार, बुधवार सुई धरता आली नाही. त्या आठवड्याची बेरीज चौदा दोरे. त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज तीन-चार घातले, एक दिवस खाडा झाला, तरी बेरीज एकवीस. पिकाला महिन्याचे पाणी एका दिवशी देऊन भागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

सुरुवातीला माझा वेग फार कमी होता. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत दोन दोरेसुद्धा होत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात चार होऊ लागले. म्हणून नवख्या बाईने पहिल्या आठवड्याच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधू नये.

एक छोटी युक्ती आईने सांगितली. उठताना पाचवा दोरा ओवून सुई गोधडीत टोचून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बसले की लगेच पहिला टाका पडतो. चष्मा शोध, दोरा शोध, ओव, यात जाणारी दहा मिनिटे वाचतात. खरे म्हणजे त्या दहा मिनिटांतच 'आज नको' असे मनात येते. लहान मुले असतील त्या घरी मात्र सुई तशी ठेवू नये. ओवलेली सुई डबीत ठेवावी.

टाचण्यात कसर नको

कापडाबद्दल थोडक्यात. आतले थर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे असावेत. एका नऊवारी लुगड्यातून फाटका भाग सोडून दोन-अडीच थर निघतात, पाचवारी साडीतून पावणेदोन-दोन. हल्ली घरात जुनी सुती साडी मिळत नाही, सगळ्या कृत्रिम धाग्याच्या, ही सर्वांचीच अडचण आहे. तरीही असल्या साड्या आत घालू नयेत. त्या थरांत सरकतात, सुईला अडतात आणि घाम टिपत नाहीत. सुती कमी पडले तर एक थर कमी घ्यावा. नवे कापड वापरायचे असेल तर आधी धुऊन, आटवून घ्यावे. लाल आणि निळ्याचा रंग जातो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहावे.

चौकोन १५ सें.मी.चे हवे असतील तर साडेसोळा सें.मी.चे कापावेत, चारही बाजूंनी पाऊण-पाऊण सें.मी. शिवणीत जाते. आधी पट्टे जोडावेत, मग पट्ट्याला पट्टा. ठिगळकाम थर टाचण्याच्या आधी, फक्त वरच्या कापडावर करावे. पानाची, पाखराची कड अर्धा सें.मी. आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवावी. गोलाईवर आतून लहान-लहान काप द्यावेत, म्हणजे दुमड फुगत नाही. उरेब कापलेला तुकडा ओढला की वाढतो, तो हलक्या हाताने लावावा. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी भगिनी जी गोधडी करतात तिच्यात वरचे तुकडे आधी जोडतच नाहीत. कडेपासून धावदोरा घालत जातात आणि तुकडा जागेवरच बसवत पुढे सरकतात. जोडणे आणि शिवणे एकाच वेळी. त्यांची पद्धत आपल्या गटांनी शिकून घेण्यासारखी आहे.

टाचण्यावर मात्र मी जरा थांबणार आहे. कॉलेजात असताना मी एक लहान दुपटे केले होते. घाईने चार कोपरे टाचले आणि कडेपासून शिवत आत गेले. मध्यभागी पोहोचले तेव्हा वरच्या कापडाला चार बोटे झोळ आला होता. तो कोठेच जिरवता येईना. शेवटी चुण्या घालून दाबून टाकला. ते दुपटे अजून आहे आणि घरात कोणी त्याच्याकडे पाहून हसले की मला कारण विचारावे लागत नाही.

कडेकडून आत शिवायचे असेल तर सगळा झोळ मध्ये जमा होतो, हे आधीच धरून चालावे. जमीन झाडून-पुसून अस्तर उलटे पसरावे, चारी बाजूंनी ताणून वर जड वस्तू ठेवाव्यात. त्यावर एकेक थर, दरवेळी मधून बाहेर हात फिरवत सारखा करावा. सर्वात वर जोडलेले कापड. मग मध्यापासून बाहेर, उभे-आडवे, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. दोघींनी मिळून केले तर एका दुपारचे काम आहे. ही दुपार वाचवू नये. कच्चे टाके त्या भागाची शिवण पुरी झाल्यावरच काढावेत.

ओळींतील अंतर किती ठेवावे, याचे उत्तर धुण्याच्या दिवशी मिळते. घटस्थापनेच्या आधी आपण दसऱ्याचे धुणे काढतो, सगळ्या गोधड्या ओढ्यावर जातात. भिजलेली मोठी गोधडी दोघींना उचलत नाही. ती आपटताना, पिळताना सगळा ताण धावदोऱ्यावर येतो. ओळी फार लांब असतील तर आतले जुने कापड फाटून गोळा होते आणि ठिकठिकाणी गाठोडी बनतात. तीन सें.मी. ठेवले तर एक तृतीयांश काम वाचते हे मघाच्या आकड्यांत दिसलेच, परंतु मी स्वतः दोन सें.मी.च्या पुढे जाणार नाही. वेळ वाचवायचाच असेल तर गोधडी लहान करावी.

केव्हा सुरू करावी

रब्बीची मळणी आटोपली की, साधारण मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंत ८४-८५ दिवस मिळतात. रोज चार दोऱ्यांनी ८० बैठका लागतात, म्हणजे कागदावर बरोबर बसते. प्रत्यक्षात मध्ये लग्ने आहेत, पापड-कुरडया आहेत, लोणची आहेत, पाहुणे आहेत. माझ्या वहीत त्या ८४ दिवसांत ४१ बैठका भरल्या, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून मोठी गोधडी दोन उन्हाळ्यांची धरावी. पहिल्या उन्हाळ्यात सगळे फेरे, दुसऱ्यात पट किंवा मधला भाग, असे टप्पे करावेत. पहिला टप्पा संपला की गोधडी पेटीत न ठेवता जुन्या साडीत बांधून डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवावी. पेटीत गेलेल्या गोधडीचे काय होते ते मी सांगितलेच आहे.

बसण्याचीही काळजी घ्यावी. एका जागी तासाच्या वर बसू नये. पाय आलटून-पालटून लांब करावा, मानेखाली गोधडीची गुंडाळी घेऊन काम डोळ्यांकडे आणावे, डोळे कामाकडे नेऊ नयेत. अंगुस्तान वापरावे. सवय नाही म्हणून आपण टाळतो, पण चौदा हजार टाक्यांना बोट पुरत नाही.

आईच्या फेऱ्यांपाशी

आता शेवटची गोष्ट. दहाव्या फेऱ्यापासून मी सुरुवात केली तेव्हा आई शेजारी खुर्चीवर बसायची. तिचे टाके दर दहा सें.मी.ला अकरा-बारा, एका ओळीत, जसे काही पाभरीने पेरलेले. माझे आठ, कधी सात, आणि ओळ वाकलेली. ती डावा हात पुढे करून दाखवायची, "तास वाकडं गेलं बघ." मी उसवायची, पुन्हा घालायची. तीन दिवस असे झाले आणि वहीत तीन दिवसांची बेरीज एक दोरा निघाली. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आई, असं केलं तर पन्नासाच्या दीडशे बैठका होतील." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अर्ध्या बोटाच्या आत वाकडं आसंल तर ऱ्हाऊ दे."

तोच नियम मी पुढे पाळला. ओळ अर्ध्या बोटापेक्षा जास्त हलली तर उसवायची, नाही तर पुढे जायचे. ७ जूनला बाविसावा फेरा संपला. पटाचे काम, वृंदावनाच्या आणि पाखरांच्या भोवतीची शिवण, मी २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये केली. ती फेऱ्यांपेक्षा किचकट होती, कारण आकाराभोवती वळताना दोरा सारखा तोडावा लागतो, आणि तेथे चारऐवजी तीनच दोरे होत.

एका शेजारणीने सुचवले होते की दोन हातांचे काम वेगळे दिसते, आईचे नऊ फेरे उसवून सगळेच नव्याने घाला. आईने तिला चहा दिला आणि विषय बदलला.

गोधडी मी सोबत आणली आहे. येथे टेबलावर पसरून ठेवली आहे. चहापानानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी हात धुऊन यावे. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून आत नऊ ओळी मोजा, दहावीपासून टाका बदललेला हाताला लागेल. वहीसुद्धा तेथेच ठेवली आहे, ज्या गटांना तासांचा तक्ता उतरवून घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा. आणि २०२१ च्या त्या गटातल्या दोन भगिनी आज येथे आल्या आहेत. त्यांनी यंदा दोनच गोधड्यांची मागणी घेतली आहे, मुदत मेअखेरची. कापड आणि दोऱ्याबद्दल काही विचारायचे असेल तर मला न विचारता त्यांना विचारावे.